रेट्रो मोटारसायकल आणि खारा वारा

रेट्रो मोटारसायकलचे रूप जुने आणि घडण आजची असते. गोल हेडलाइट, फुगीर टाकी, पत्र्याचे मडगार्ड, आऱ्यांची चाके आणि मोकळे दिसणारे इंजिन ही तिची ओळख. आत मात्र फ्युएल इंजेक्शन, एबीएस आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांत बसणारी यंत्रणा असते. भारतात या प्रकाराचा जम रॉयल एनफील्डच्या क्लासिक मालिकेने २००९-१० च्या सुमारास बसवला. २०१८ मध्ये जावा परतली, २०२० मध्ये होंडाची हायनेस सीबी ३५० आली, २०२२ मध्ये येझदी, आणि २०२३ मध्ये बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४००. खरोखर जुन्या, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. त्या नोंदणीची गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रेट्रो गाडी रोज वापरण्यासाठीच घेतली जाते, आणि तिच्याविषयीचा वाद तिथेच सुरू होतो.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, घिवलीसारख्या गावात, हा वाद अधिकच धारदार होतो. गावाच्या एका अंगाला अरबी समुद्र, शेजारी १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि आत बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारे समुद्राचे तुषार. अशा जागी उघड्या लोखंडाची आणि क्रोमची गाडी घेऊन ती दहा-पंधरा वर्षे सांभाळणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे काय? नाही म्हणणाऱ्यांचे मुद्दे वजनदार आहेत, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकतो. हो म्हणणाऱ्यांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यांचे निम्मे मुद्दे पोकळ आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप गंजाचा. तो खोटा नाही. मिठाचा कण हवेतला ओलावा ओढून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ आपोआप पाझरते. म्हणजे किनाऱ्यावर पाऊस नसलेल्या रात्रीही गाडीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. क्रोमची चमक या थराला फारसा अडसर करत नाही. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्याच्याखाली निकेल असते. या थरांत सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि निकेलपेक्षा लोखंड लवकर झिजत असल्याने सगळा मारा त्या छिद्राखालच्या लोखंडावर एकवटतो. चकचकीत सायलेन्सरवर दिसणारे तांबूस ठिपके ते हेच. जस्ताचा थर उलट वागतो. तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. त्यामुळे जस्त चढवलेला मळकट बोल्ट पुष्कळदा क्रोमच्या झळाळत्या भागापेक्षा जास्त पावसाळे काढतो. आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरा जिथे निपलमध्ये शिरतो तिथे पाणी साचते, आणि रिंग गंजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

इथपर्यंत आक्षेप मान्य. ‘म्हणून रेट्रो नकोच’ ही पुढची उडी मात्र मान्य होण्यासारखी नाही. लोखंडाची चौकट, लोखंडी बेंड पाइप आणि लोखंडी स्टँड या वस्तू किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुचाकीला असतात, स्कूटरलाही. फरक इतकाच, की प्लास्टिकच्या आवरणाखाली बसलेले मीठ पावसाने धुतले जात नाही आणि फडक्यानेही पुसले जात नाही. पाय ठेवण्याच्या फळीखालचा पत्रा पोखरला गेल्याचे स्कूटरच्या मालकाला कळते ते फळी खचल्यावर. रेट्रो गाडीचा गंज पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपतो, आणि वेळेवर दिसलेला गंज घासून, प्रायमर देऊन, रंग मारून थांबवता येतो. पत्र्याचा मडगार्ड ठोकून सरळ होतो, त्याला पुन्हा पावडर कोटिंग करता येते. तडकलेले प्लास्टिक बहुतेक वेळा बदलावेच लागते. उघडेपणा हा या गाडीचा दोष म्हणून सांगितला जातो. दीर्घ काळाच्या हिशेबात तो तिचा मोठा गुण ठरतो.

आतल्या गंजाची गोष्ट निराळी आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. घरून तारापूरच्या बाजारापर्यंत जाऊन परत, एवढ्याच फेऱ्या रोज होत असतील तर जाड पत्र्याचा सायलेन्सर तापतच नाही आणि पाणी आत साचून राहते. बाहेरून आरशासारखा दिसणारा सायलेन्सर आतून कुजण्याचे कारण पुष्कळदा समुद्र नसून तोकड्या फेऱ्या असतात. चिल्हार फाट्यापर्यंतची आठवड्यातली एक सलग फेरी या बाबतीत पॉलिशच्या डब्यापेक्षा जास्त काम करते.

आता चाहत्यांचे दावे. ‘पत्रा जाड, गाडी पिढ्यान्‌पिढ्या चालते’ हा दावा मिठापुढे टिकत नाही. जाड पत्रा गंजायला जास्त वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा दावा, ‘बुलेटचे सामान कुठेही मिळते’, हा अर्धाच खरा आहे, आणि त्याचा खोटा अर्धा महागात पडतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्यासाठी रॉयल एनफील्डची बुलेट ३५० आली, १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली आणि बिडाच्या इंजिनाची ती घडण २०१० च्या आसपासपर्यंत टिकली. त्यानंतर ३४६ सीसीचे नवे इंजिन आले. २०२० मध्ये कंपनीच्या मीटिऑरबरोबर ३४९ सीसीचे आणखी वेगळे इंजिन आले. तेच २०२१ मध्ये क्लासिकला आणि २०२३ मध्ये बुलेटला मिळाले. तिन्ही पिढ्या लांबून जुळ्या बहिणी वाटतात, पण एकीचा पिस्टन दुसरीला बसत नाही. जावाच्या बाबतीत तर नावापलीकडे काहीच समान नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला तेव्हाची गाडी टू-स्ट्रोक होती; २०१८ ची जावा २९३ सीसीची, पाण्याने थंड होणारी, फोर-स्ट्रोक.

मात्र याच उदाहरणातून खरा निकष सापडतो. कारखाना बंद होऊन पाव शतक उलटले तरी तिथे बनलेल्या जुन्या येझदी चालू आहेत, कारण चालवणारे पुरेसे होते आणि त्यांच्यासाठी छोट्या कारखानदारांनी सुटे भाग बनवणे चालू ठेवले. सामान कंपनीच्या आश्वासनावर मिळत नाही, रूपाच्या सातत्यावरही नाही. ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या संख्येवर मिळते. बोईसर किंवा पालघरच्या गॅरेजमध्ये ज्या इंजिनाच्या गाड्या रोज उघडल्या जातात तीच गाडी दहा वर्षांनी सांभाळणे सोपे जाईल. टाकीवरचे नाव कितीही भारदस्त असो, एखाद-दुसरीच असलेली गाडी किनाऱ्यावर ठेवणे हा श्रीमंतांचा छंद आहे.

दीर्घ काळासाठी ही गाडी योग्य का, याचे उत्तर इंजिनात आहे. क्लासिकचे ३४९ सीसीचे इंजिन सुमारे २० अश्वशक्ती देते आणि त्याचा जोर मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. जवळपास तेवढ्याच आकाराची वेगवान इंजिने याच्या दुप्पट शक्ती काढतात. अर्थात त्यांच्या पिस्टनवर, बेअरिंगांवर आणि क्लचवर ताणही जास्त येतो. वेगाच्या चाहत्यांना २० अश्वशक्ती हास्यास्पद वाटते. पण टँकर आणि कंटेनर यांनी भरलेल्या बोईसर-तारापूर रस्त्यावर वेग वापरायचा कुठे, हेही त्यांनी सांगायला हवे. शिवाय हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नसतो, म्हणजे मिठाने पोखरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नाजूक पाती, पाण्याचा पंप आणि नळ्या नसतात. जावा, येझदी, ट्रायम्फ यांना रेडिएटर आहे. किनाऱ्यावरच्या ग्राहकाने हा फरक शोरूममध्येच ध्यानात घ्यावा. राहिला रूपाचा मुद्दा. ‘ही नुसती नक्कल आहे’ हा टोमणा खरा मानला तरी त्याचा फायदा मालकालाच होतो. मुळातच जुनाट दिसणारी गाडी पाच वर्षांनी शिळी दिसत नाही, म्हणून ती विकून टाकण्याची घाई होत नाही, आणि गाडीचा खर्च जितक्या वर्षांत विभागला जातो तितका हलका होतो.

खर्चाचा आक्षेप मात्र सरळ मान्य करावा. वर्षाला ८००० किलोमीटर धरले, एकीकडे रेट्रोला लिटरला ३३ आणि दुसरीकडे शंभर सीसीच्या गाडीला ६० किलोमीटर, आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर, तर वर्षाला सुमारे ११ हजार रुपये जास्त जातात. क्लासिकचे वजन १९५ किलोच्या घरात; स्प्लेंडर ११२ किलोची. वाळूत साइड स्टँड रुतला तर एकट्याने ती उभी करणे कठीण. आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झाल्यावर चाक उतरवावे लागते. कामापुरती गाडी हवी असलेल्याने लहान गाडीच घ्यावी. तिथे रेट्रोची बाजू लढवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला, त्यामुळे ३५० सीसीच्या आतल्या रेट्रो गाड्यांची बाजू थोडी सावरली, इतकेच.

देखभालीत प्रचलित उपायच पुष्कळदा नुकसान करतात. पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची पद्धत आहे. त्याने काही दिवस लोखंड वाचते, पण डिझेलने रबरी बुश आणि सील फुगतात, आणि फवारा ब्रेकच्या चकतीवर गेला तर जीवावर बेतते. जाड प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ओली गाडी ठेवली की आत घाम धरतो. त्यापेक्षा हवा खेळती असलेली पडवी बरी. गंजलेले स्क्रू काढून सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट बसवणे ही अलीकडची हौस. ॲल्युमिनियमच्या इंजिनात, खाऱ्या ओलाव्यात, स्टेनलेसशेजारचे ॲल्युमिनियमच झिजते आणि शेवटी बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो. बसवायचेच तर आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावून बसवावेत. गाडी वारंवार धुणे हा उपाय अचूक आहे, पाणी गोडे असेल तरच. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरिंगचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. त्याने धुतलेल्या गाडीवर वाळल्यानंतर पुन्हा मीठच उरते. नळाच्या पाण्याची एक बादली जोरदार प्रेशर पंपापेक्षा बरी, कारण पंपाचे पाणी चाकांच्या बेअरिंगांत आणि वायरिंगच्या जोडांत घुसते.

कंपनीच्या पुस्तिकेत सर्व्हिसची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्हींत दिलेली असते, यांपैकी जे आधी भरेल ते. मालक पाहतो तो किलोमीटरचा आकडा. घिवलीत महिने आधी भरतात. कमी चाललेली गाडीही ब्रेक फ्लुइड, चेन, स्टेअरिंगचे बेअरिंग, मागच्या स्विंग आर्मची पिन आणि केबल यांत वयाने म्हातारी होते. स्विंग आर्मची पिन वर्षातून एकदा काढून ग्रीस केली नाही तर ती अशी बसते की पुढे घणाने काढावी लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढते. अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी ठेवणे म्हणून टाळावे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर वेळीच बदलावेत.

कागदपत्रांची बाजूही दीर्घ मालकीचाच भाग आहे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीचे नूतनीकरण शुल्क ३०० रुपयांवरून १००० झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकींसाठी ते २००० करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २००९-१० च्या पहिल्या क्लासिक गाड्या पंधरा वर्षांच्या टप्प्यावर पोचल्या आहेत. त्यांपैकी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेल्यांना तपासणीत अडचण येते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ घडणीत असे फेरफार चालत नाहीत. त्या वेळी गाडी ठेवावी की सोडावी हे इंजिन ठरवत नाही. इंजिन उघडून दुरुस्त होते. ते चौकट ठरवते. मेन स्टँडचे कान, स्विंग आर्मची बैठक आणि बॅटरीखालची नळी या तीन जागांवर हातोडीने हलके ठोकावे. आवाज खणखणीत आला तर गाडी आणखी पाच वर्षांच्या नोंदणीला न्यावी. बद्द आला किंवा पापुद्रे गळून छिद्र दिसले, तर वेल्डिंगचे ठिगळ न लावता ती भंगारात द्यावी.