जुनी मोटार शाळेत आणा!

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. काही हौशी मंडळी मात्र अशा मोटारी घरच्या गॅरेजमध्ये खोलून पुन्हा चालत्या करतात. विद्यार्थी मित्रांनो, हा उद्योग म्हणजे पदार्थविज्ञानाची उत्तम शाळाच आहे.

12 व्होल्टच्या बॅटरीवर ठिणगीसाठी हजारो व्होल्ट कसे मिळतात? ‘पॉइंट’ उघडताच कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र क्षणात ओसरते आणि दुय्यम वेटोळ्यात उच्च विभवांतर निर्माण होते. फॅरेडेने 1831 साली शोधलेले प्रवर्तन ते हेच! आजच्या मोटारीत प्रवाह तोडण्याचे काम बंद पेटीतील इलेक्ट्रॉनिक मंडल करते. डोळ्यांना काही दिसत नाही.

म्हणून भंगारात निघालेले एखादे जुने इंजिन शाळांनी मिळवावे आणि विद्यार्थ्यांनी ते शिक्षकांच्या देखरेखीखाली खोलून पुन्हा जोडावे. हाती पाना आला, की पाठ केलेला नियम उमजू लागतो.