समालोचकाची साक्ष

ज्याच्या वह्या तपासायच्या, त्यानेच तपासनीस नेमावा, हे कोणतीही पेढी मान्य करणार नाही. भारतीय क्रिकेटच्या समालोचनात मात्र नियामक मंडळाचाच शब्द अखेरचा ठरत आला. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्यासाठी इयान चॅपेल यांना समालोचनाचे निमंत्रण होते. परंतु संघनिवड, डीआरएस व मंडळाचा कारभार यांविषयी बोलू नये, ही अट कळताच त्यांनी नकार दिला. २०१६ मध्ये हर्षा भोगले यांना आयपीएलच्या तोंडावर कारण न सांगता वगळण्यात आले. यात खरी हानी खेळाडूंची होते. दोष सांगण्याची मुभा नसलेल्या मुखातून आलेली रास्त प्रशंसाही जाहिरातच वाटू लागते. मालातील उणीव आधी सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्याच शब्दाला पेठेत किंमत असते.