सीट म्हणजे सोफा नव्हे

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण गाडी बनणं थांबलं म्हणून ती धावायची थांबत नाही. कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात तर नाहीच. इथला नोकरदार रोज लोकलने मुंबई गाठतो. गाडी निघते ती रविवारी, कर्जतकडे किंवा मुरबाडवरून माळशेजकडे. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांची गाडीही इंजिनाने ठणठणीत असते. थकते ती सीट. फोम बसतो, स्प्रिंग टोचते, पाठ टेकण्याचा भाग ढिला पडतो आणि दोन तासांच्या प्रवासानंतर कंबर बोलू लागते. मग कुणीतरी सुचवतं, ‘सीटच बदलून टाका ना! भंगारात नव्या गाडीची मिळेल.’

सूचना चुकीची नाही. खराब सीटवर वर्षानुवर्षं गाडी चालवणं पाठीच्या कण्यासाठी वाईटच. शिवाय जुन्या छोट्या गाड्यांच्या सीटची पाठ बुटकी असे, काहींना डोकं टेकायचा भागच नसे. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं, डोकं मागे राहतं आणि मानेला हिसका बसतो. डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचणारा आणि डोक्यापासून फार लांब नसणारा हेडरेस्ट हा हिसका कमी करतो. तेव्हा नवी सीट बसवण्यामागे आरोग्याची दोन चांगली कारणं आहेत. गडबड आहे ती बसवण्याच्या पद्धतीत.

उल्हासनगरची ख्याती अशी की तिथे काहीही बनतं. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बरॅकींमध्ये येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून उभं केलेलं हे शहर. तिथला फर्निचर बाजार सगळ्या ठाणे जिल्ह्याला परिचयाचा. या हुशारीबद्दल आदरच हवा. पण सोफा आणि गाडीची सीट यांत एक फरक आहे. सोफ्याने आयुष्यभर फक्त वजन पेलायचं असतं. गाडीच्या सीटने एरवी वजन पेलायचं आणि एखाद्याच दिवशी, सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या वेळात, माणूस वाचवायचा असतो.

त्या क्षणाचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, खाली पडणं. सीटच्या मजबुतीचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणतात की सीट आणि तिचे जोड गुरुत्वाकर्षणाच्या २० पट धक्का पुढच्या आणि मागच्या दिशेने सहन करू शकले पाहिजेत. सीट १५ किलोची धरली तर त्या क्षणी ती एकटीच ३०० किलोच्या जोराने बोल्ट ओढते. त्यावर बसलेला ७० किलोचा माणूस २० पटीने १४०० किलोचा होतो. हा माणूस मुख्यतः पट्ट्याने धरलेला असतो हे खरं. पण पट्ट्याचं टोक कुठे अडकवलं आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सीटच्या अदलाबदलीतला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. बहुतेक जुन्या गाड्यांत पट्ट्याचं बक्कल गाडीच्या तळाला, मधल्या उंचवट्याजवळ बोल्टने धरलेलं असतं. नव्या गाड्यांत ते बहुधा सीटच्याच सांगाड्यावर बसवलेलं असतं, म्हणजे सीट पुढेमागे सरकवली तरी ते नेमक्या जागी राहतं. आता नवी सीट जुन्या गाडीत आली आणि तिचंच बक्कल वापरलं, तर धडकेच्या वेळी माणसाच्या भाराचा मोठा वाटा सीटच्या रुळांतून त्या चार बोल्टांवर येतो. जुन्या गाडीच्या तळातली ती चार भोकं या कामासाठी कधीच बनवलेली नव्हती. ती फक्त सीट जागेवर ठेवण्यासाठी होती. याउलट गाडीचं जुनं बक्कल ठेवलं तर नवी, रुंद सीट त्याला चेपून टाकते. बक्कल सीटच्या कडेखाली दडपतं, पट्टा मांडीवरून तिरका जातो किंवा पोटावर चढतो. पोटावरचा पट्टा धोकादायक असतो. कंबरेचा पट्टा ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. तो पोटावर असला तर धडकेत माणूस त्याच्याखालून घसरतो आणि जो भार हाडांनी घ्यायचा तो आतड्यांवर, यकृतावर येतो. तीन ठिकाणी बांधलेला पट्टा नील्स बोहलिन या अभियंत्याने व्होल्वोसाठी १९५९ मध्ये आणला, त्यामागे भार बरगड्यांवर आणि कमरेच्या हाडांवर नेण्याचाच विचार होता. सीट दोन इंच उंच झाली की हा सगळा कोन बदलतो.

आणि सीट उंच होतेच. कारण भोकं जुळत नाहीत. एकाच कंपनीची दोन मॉडेल्स असली तरी रुळांमधलं अंतर वेगळं असू शकतं. मग गल्लीतला फॅब्रिकेटर चौकोनी पाइपची चौकट करून देतो, तिच्यावर सीट बसवतो. दिसायला भक्कम. पण चौकटीमुळे सीट जितकी वर जाते, तितका धडकेतला जोर बोल्टांना नुसता ओढत नाही, तर उखडतो. लांब पान्याने नट सहज फिरतो, तोच हा न्याय. उघड्या हाताने केलेलं वेल्डिंग वरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकतं, आणि ते कळायला धडकेशिवाय दुसरी चाचणी त्या दुकानात नसते. कंपनीचे मूळ रूळ कापून त्यांना वेल्ड करणं तर पूर्ण टाळावं. ते खास मजबूत पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमका जोडाशेजारचा भाग दुबळा होतो.

बोल्टचं म्हणाल, तर अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आणि औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या या भागात बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचता येणारे थोडे नाहीत. ८.८ किंवा १०.९ असा आकडा म्हणजे कडक, ताण सहन करणारा बोल्ट. ४.६ चा, किंवा डोक्यावर काहीच न लिहिलेला, दिसायला सारखाच असतो, पण ८.८ च्या तुलनेत ४.६ चा बोल्ट जेमतेम निम्म्या ताणाला तुटतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट दरवाज्याच्या कडीसाठी ठीक आहे.

बोल्ट टिकला तरी त्याच्याखालचा पत्रा टिकेल का, हा पुढचा प्रश्न. गाडीचा तळ म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा. कंपनी सीटचे बोल्ट त्या नुसत्या पत्र्यात कधीच घालत नाही. तिथे आडवी तुळई किंवा जाड पट्टी असते, नट तिला आतून जोडलेला असतो. नव्या जागी भोक पाडून खाली छोटा वॉशर लावला की धडकेत बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून आरपार निघून येतो. पर्याय नसेल तर तळाखालून तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली पोलादी पट्टी तरी हवीच, म्हणजे भार पसरतो. तीही फक्त निरोगी पत्र्यावर. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली त्या दिवशी, या भागाला काय दाखवलं ते सगळ्यांना आठवत असेल. पुराचं पाणी आत शिरलेल्या गाडीत गालिच्याखालचा चिखल वर्षानुवर्षं ओल धरतो. वरून गाडी धुतलेली, पॉलिश केलेली. तळ मात्र चाळणी. म्हणून नवी सीट शोधण्याआधी जुनी सीट काढून गालिचा उचलावा आणि पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावं. खणखणीत आवाजाऐवजी पापडासारखा आवाज आला तर सीटचा विषय तिथेच संपतो, आधी पत्र्याचं काम.

अलीकडच्या सीटमध्ये आणखी एक पाहुणा असतो. पाठीच्या बाहेरच्या कडेत बाजूची एअरबॅग, कधी बक्कलमध्ये पट्टा आवळणारं यंत्र. दोन्ही छोट्या स्फोटाने चालतात. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला की समजावं, हे प्रकरण साध्या वायरमनचं नाही. त्या तारांना मीटर किंवा बल्ब लावून ‘करंट आहे का’ पाहणं म्हणजे हातात सुतळी बॉम्ब घेऊन वात तपासणं. जुन्या गाडीत ती एअरबॅग कधी उघडणार नाही, कारण तिला आदेश देणारी यंत्रणाच नाही. पण ती निवांत मेलेलीही नसते. अशी सीट जुन्या गाडीसाठी घेऊच नये. हाच मुद्दा उलट बाजूनेही लागू आहे: ज्यांच्या नव्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग आहे, त्यांनी ती कड झाकणारं जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं तर एअरबॅग उघडायला अडते. कव्हरवाल्याला बाजूची शिवण सोडायला सांगणं फुकटात होतं.

भंगारातली सीट मुळात भंगारात का आली, हेही विचारायला हवं. अपघातात मोडलेल्या गाडीची सीट एकदा आपलं काम करून चुकलेली असू शकते. रूळ किंचित वाकलेला, पाठीचा खटका ताणलेला, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही रुळांचे खटके एकाच वेळी बसतात का, हे पाहणं सोपं आहे: सीट एक-एक घर पुढे नेत प्रत्येक ठिकाणी जोरात मागेपुढे हलवायची. चौकट तिरकी बसली असेल तर एका बाजूचा खटका बसतो, दुसऱ्या बाजूचा वरच तरंगतो. अशी सीट ब्रेक मारल्यावर अर्धी सुटते.

मग करायचं काय? पाठ दुखते म्हणून सीट बदलणाऱ्याने आधी जुन्याच सीटचा फोम आणि स्प्रिंग बदलून पाहावं. सांगाडा, रूळ, भोकं, बक्कल सगळं मूळ राहतं, खर्चही कमी. फोम मात्र सोफ्याचा नको. गाडीच्या आतल्या कापड-फोमला आग किती वेगाने पसरू शकते याची मर्यादा ठरलेली असते, फर्निचरच्या स्वस्त फोमला ती नसते. आणि जुन्या गाडीत वायरिंगही जुनंच असतं. सीटच बदलायची तर त्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षांतली, मूळ भोकांवर, मूळ रुळांसकट, चौकटीशिवाय बसणारी घ्यावी. बसवल्यावर चालकाने पट्टा लावून पाहावा: खालचा पट्टा हाडांवर, वरचा खांद्याच्या मधोमध, डोकं आणि छत यांत मोकळी जागा, एअरबॅग असेल तर छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर. यातलं एकही जमत नसेल तर ती सीट कितीही मऊ असली तरी परत करावी.

कायद्याची बाजू मात्र गोंधळाची आहे, आणि तो दोष गाडीमालकाचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, ठेवली. सीटची संख्या बदलली तर प्रश्नच नाही, ते बेकायदा. पण चारच्या जागी चारच, फक्त वेगळ्या मॉडेलच्या, हे ‘मूलभूत वैशिष्ट्य’ बदलणं ठरतं का? गल्लीतल्या माणसाला उत्तर मिळत नाही. म्हणून तो कुणालाच विचारत नाही, गुपचूप बसवतो. अपघात झाल्यावर विमा कंपनी मात्र हाच प्रश्न मोठ्याने विचारू शकते. दिव्यांगांच्या गरजेनुसार गाडीत बदल करण्याची वाट याच दुरुस्तीने मोकळी केली, म्हणजे तपासून परवानगी देणं अशक्य नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा एमएच-०५ पाटीची गाडी कल्याणच्या परिवहन कार्यालयापुढे उभी राहतेच. त्या वेळी दिवे-हॉर्नबरोबर सीटचे चार बोल्ट आणि पट्ट्याचं बक्कल पाहायला दोन मिनिटं लागतील. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. कुठल्या सीटबदलाला हरकत नाही आणि कुठल्याला आहे, याची साधी यादी तिच्याकडून मराठीत काढून घेणं शासनाला जड नाही.

ही यादी सगळ्यात आधी लागेल ती शाळेच्या व्हॅनला. ज्या व्हॅनमध्ये जास्त मुलं मावावीत म्हणून मूळ सीट काढून समोरासमोर बाकं टाकलेली असतात, सीएनजीच्या टाकीवर फळी ठेवून त्यावर लहानगं बसवलेलं असतं, तिथे पट्टा नाही, पाठ नाही, जमिनीला धरणारा बोल्टही नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मागच्या सीटवर पट्टा न लावता बसले होते, तेव्हा महिनाभर देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. ती गाडी महागडी होती. फळीवरच्या मुलाला लावायला पट्टाच नसतो. पालकांनी सकाळी मुलाला चढवताना दप्तर आत ठेवण्याच्या निमित्ताने वाकून त्या बाकाला एकदा हाताने हलवून पाहावं. हललं, तर चालकाशी त्याच दिवशी बोलावं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर शाळेच्या परिवहन समितीशी.