दुसऱ्याच्या नावाची हुंडी

घरातील जुनी चित्रे विकणे हा अपराध नव्हे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. वाडा पडावयास आला, भावाभावांत वाटण्या झाल्या, मुले परगावी स्थायिक झाली, म्हणजे दिवाणखान्यातील तसबिरींचे काय करावे, हा प्रश्न कोणासही पडेल. आमचा आक्षेप विक्रीस नाही. ज्या नावावर ती विक्री होते, त्यास आहे.

गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. धानाच्या ह्या मुलखातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. वाडे मात्र राहिले, आणि भिंतींवरील लक्ष्मी-सरस्वतीही राहिल्या. असे एखादे चित्र विकावयास निघाले की त्यास ‘राजा रविवर्म्याचे आहे म्हणतात’ ही पुरवणी जोडली जाते. कोण म्हणतो व कशावरून, असे विचारावे, तर ‘आजोबा सांगत’ येथे पुरावा संपतो.

वस्तुतः ह्या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या वस्तू मोडतात. रविवर्म्यांनी स्वहस्ते रंगविलेले तैलचित्र ही पहिली. त्यांचे धाकटे बंधू राजा वर्मा ह्यांचा हात ज्यात मिसळला आहे, ते चित्र ही दुसरी. १८९४ साली मुंबईत निघून पुढे मळवलीस गेलेल्या त्यांच्या छापखान्यातील शिळाछाप ही तिसरी. आणि त्या छापावरून एखाद्या चिताऱ्याने उतरविलेली नक्कल ही चौथी. छापखाना पुढे श्लायशर नावाच्या जर्मन गृहस्थाकडे गेला, १९०६ साली रविवर्मा वारले, तरी छपाई थांबली नाही. धुरंधरांनीही त्या छापखान्यासाठी चित्रे काढून दिली. तेव्हा खाली छापखान्याचे नाव आहे एवढ्यावरून चित्राची मूळ कल्पनादेखील रविवर्म्यांची ठरत नाही. मग हात त्यांचा कोठून ठरणार? तैलरंगाचा भास व्हावा म्हणून छापावर रोगण चढवीत. पण भिंग लावताच छापाचे ठिपके दिसू लागतात. एवढी तसदी न घेता थोर नाव उच्चारणाऱ्यास भोळा म्हणावे काय?

‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावे, आम्ही खात्री कोठे दिली?’ असा बचाव केला जातो. पण वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे साधे सूत्र आहे. आणि जे खरे नाही असे स्वतःस वाटते, ते खरे म्हणून सुचविणे ह्यास १८७२ चा करार कायदा कपटच म्हणतो. ‘म्हणतात’ ह्या क्रियापदाची सोय हीच की, किंमत चढते आणि जबाबदारी मात्र कोणाच्याच माथी बसत नाही.

दुसरा बचाव असा की, तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. खरे आहे. २०११ साली कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रे पुढे तज्ज्ञांनी बनावट ठरविली. जेथे महाविद्यालय फसते, तेथे गोंदियाच्या एखाद्या शिक्षकाने आयुष्याची शिल्लक ओतून घेतलेल्या चित्राची काय कथा! पण संशय असेल, तर त्यातून मोठ्यात मोठे नाव उचलण्याचा अधिकार कसा निघतो? संशय हे मौनाचे कारण आहे, जाहिरातीचे नव्हे.

ह्यात केवळ ग्राहक नागवला जातो असे नाही. १९७२ च्या कायद्याखाली १९७९ साली रविवर्म्यांच्या कृती राष्ट्राच्या कलानिधीत गणल्या गेल्या व त्या परदेशी नेण्यास बंदी झाली. एखाद्या पडक्या वाड्यात तशी खरी कृती असलीच, तर शंभर खोट्या हाकांत तिची हाक कोण ऐकणार? शिवाय ज्या अनामिक चिताऱ्याने नक्कल केली, त्याचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. आणि अस्सल छाप ही काही लाजेची वस्तू नव्हे. तैलचित्र ज्यास कधीच परवडले नसते, त्याच्याही देवघरात त्यानेच लक्ष्मी आणली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: चित्र विकताना ते कोणत्या भिंतीवर होते, घरात केव्हा आले, पाठीमागे काय लिहिले आहे, ते छाप आहे की हाताचे, जे ठाऊक असेल तेवढे लिहून द्यावे, जे ठाऊक नाही तेथे ‘कर्ता अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. त्यामुळे भाव उतरला, तर जेवढा उतरला तेवढा आपला कधी नव्हताच.