व्यवहारधर्म : ‘आम्ही जबाबदार नाही’



शिरूर असो वा दौंड, लग्नाची तिथी निश्चित होताच मंडप, भोजन, सजावट असा सारा भार आता विवाह-नियोजकावर सोपविला जातो. विसार देताना पुढे येणाऱ्या छापील करारात बहुधा एक ओळ असते : ‘कोणत्याही हानीस आम्ही जबाबदार राहणार नाही.’ घाईत सही होते आणि आपला हक्क संपला, असे आपण समजतो. तसे नाही.

१९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात कर्मचाऱ्याच्या स्वाधीन केलेली पाहुण्याची मोटार चोरीस गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापले होते. तरीही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की स्वतःच्या निष्काळजीपणाचे दायित्व अशा ओळीने टाळता येत नाही. अवकाळी पाऊस वा सरकारी मनाई यांसाठी अशी अट रास्त, हलगर्जीपणासाठी नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य अट रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगास आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे.

म्हणून कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी भोजन, दागिन्यांच्या खोलीची राखण, परताव्याची रक्कम हे सारे सहीपूर्वीच लिहून घ्यावे.

आपल्यातील काही बंधू स्वतः या व्यवसायात आहेत. तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. ठेव हरवून छापील ओळीकडे बोट दाखविणे त्यापासून फार दूर नाही.