यंत्रापुढें नारळ कीं यंत्राला कुलूप?

खंडेनवमी आली म्हणजे आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या घरोघर हत्यारें मांडलीं जातात. सुताराचा वाकस, लोहाराची ऐरण, कुणब्याचा विळा यांना हळदकुंकू लागतें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. ज्या हत्यारानें भाकर मिळते त्याची आठवण ठेवणें हें माणुसकीचेंच लक्षण आहे. पण हीच पूजा धातूचा दगड फोडण्याच्या कारखान्यांत होते, तेव्हां आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. मुकादम यंत्रापुढें नारळ फोडतो, झेंडूची माळ चढवितो, पेढे वांटतो. आणि ज्या फिरत्या चाकावर लोखंडी जाळी असावयास पाहिजे तें चाक त्या माळेखालीं उघडेंच असतें! नारळ स्वस्त आणि जाळी महाग, म्हणून नारळावर काम भागवावयाचें काय?

आम्ही खेड्यांतील शाळामास्तर. खाणीचे इंजिनियर नव्हे. हा विषय आमच्या दारीं आला तो एका अर्जाच्या रूपानें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील पांचवीच्या एका मुलाचा बाप अशाच एका कारखान्यांत रात्रपाळीस होता. कारखान्याचें नांव आम्ही देत नाहीं, कारण आमचें भांडण एका मालकाशीं नसून एका समजुतीशीं आहे. यंत्राच्या जबड्यांत दगड अडकला. बटन दाबून यंत्र बंद केलें. हा गडी पहार घेऊन वांकला. दगड मोकळा झाला असें समजून वरच्या खोलींतील माणसानें बटन पुन्हां दाबलें. उजवा हात कोंपरापासून गेला. गांव म्हणालें, ‘नशीब! जीव वांचला हेंच पुष्कळ.’ भरपाईचा अर्ज लिहावयास आम्हांला बोलाविलें. अपघाताचें कारण काय लिहावें असें विचारतां कारखान्याच्या कारकुनानें सांगितलें, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आणि आम्हीं आमच्याच हातानें, वळणदार अक्षरांत, तें लिहिलें! त्या दोन शब्दांची लाज आम्हांला अजून वाटते. हा लेख त्या लाजेपोटींच आहे.

तें नशीब नव्हतें आणि निष्काळजीपणाहि नव्हता. काय होतें, तें यंत्र कसें चालतें हें पाहिल्यावांचून समजणार नाहीं. अमेरिकेंतील ब्लेक नांवाच्या गृहस्थानें रस्त्याची खडी फोडण्यासाठीं जबड्याचें यंत्र काढलें आणि १८५८ सालीं त्याचा हक्क नोंदविला. आज भंडारा-नागपूरकडील मँगेनीज असो, रेडीचें लोहखनिज असो, कीं आपल्या तालुक्यांतील खडीचा क्रशर असो, मूळ तत्त्व तेंच आहे. एक जबडा स्थिर, दुसरा पुढेंमागें हलणारा. दगड मध्यें चिरडला जाऊन खालीं गळतो. जबडा हलता ठेवण्यासाठीं दोहों बाजूंस भलीं जड चाकें असतात. वीज तोडली तरी हीं चाकें आपल्या वेगानें फिरत राहतात. शिवाय अडकलेला दगड दाबाखालीं असतो. तो सुटतांना गोफणीतल्या गोट्यासारखा उडतो, आणि पहार उलटून माणसाच्याच छातींत बसते. म्हणजे बटन बंद झालें तरी यंत्र बंद झालें असें नव्हे. बटन हा नुसता निरोप आहे. तो कोणीहि बदलूं शकतो. गेलेली वीज एकाएकीं परत येते, तेव्हां तर निरोप देणाऱ्याचीहि गरज नसते!

आतां आपल्या जुन्या विहिरीची गोष्ट घ्या. मोट चालत होती त्या काळीं गाळ काढावयास गडी विहिरींत उतरला तर धावेवर बैल जुंपून कोणी ठेवीत असे काय? बैल सोडून दावणीला बांधीत, आणि काठावर एक शहाणा माणूस बसवीत. ‘बैल उभे आहेत, हलणार नाहींत’ एवढ्यावर कोणी आपला पोरगा विहिरींत उतरविला नाहीं. मग बैलाहून हजारपट जोराच्या यंत्रापुढें आपलीं माणसें कोणाच्या तोंडच्या शब्दावर वांकतात?

यंत्राचे बैल सोडणें म्हणजे मुख्य स्विच खालीं ओढून त्याला कुलूप लावणें. प्रथम दगड टाकणें थांबवावें आणि जबडा होईल तितका रिकामा होऊं द्यावा. मग यंत्र बंद करून मुख्य स्विच तोडावा. तीन माणसें कामाला उतरणार असलीं तर त्या स्विचाला तीन कुलुपें पडलीं पाहिजेत. ज्याचें कुलूप त्याच्या कमरेला त्याची किल्ली. अनेक कुलुपें एकत्र लागावींत म्हणून भोकांची लोखंडी पट्टी मिळते. नुसती ‘चालूं करूं नका’ अशी चिठ्ठी अडकविणें पुरें नाहीं. चिठ्ठी वाऱ्यानें उडते आणि अंधारांत दिसत नाहीं. कुलूप लावल्यावर चालूं करण्याचें बटन एकदां दाबून पाहावें. यंत्र हललें नाहीं तरच वीज खरी तुटली. जड चाकें पुरतीं थांबूं द्यावींत, त्यांना अडसर घालावा, आणि अडकलेला दगड हातानें न ओढतां सांखळी व यारीनें काढावा. जबड्याच्या तोंडाशीं उतरणें भागच पडलें तर कमरपट्टा व दोर बांधल्याशिवाय उतरूं नये. काम संपल्यावर माणसें मोजावीं, हत्यारें मोजावीं, जाळी जागेवर बसवावी, मग ज्यानें त्यानें आपलें कुलूप काढावें. शेवटचें कुलूप निघाल्यावर भोंगा वाजवावा आणि मगच यंत्र चालूं करावें.

पुढचीं यंत्रेंहि कमी घातकी नाहींत. दगडाचें पीठ करणारें गोळ्यांचें पिंप बंद केल्यावरहि आंतील गोळ्यांच्या भारानें मागें गडगडतें; तें अडकवून ठेवल्यावांचून व आंतील हवा तपासल्यावांचून आंत शिरणें म्हणजे मृत्यूला हाक मारणें होय. दगड वाहणारा पट्टा जेथें चाकावर चढतो तेथें गमछाचें टोंक, लुगड्याचा पदर किंवा सैल बाही सांपडली, तर हात मागें घेण्याइतका वेळहि मिळत नाहीं. म्हणून पट्ट्याच्या लांबीभर ओढतांच यंत्र थांबेल अशी दोरी पाहिजे. ती आहे किंवा नाहीं, आणि ओढल्यावर खरोखर थांबवते काय, हें पाळीवर चढतांना पाहून घ्यावें.

हात गेलेला दिसतो. छाती गेलेली दिसत नाहीं. दगडांत गारगोटी असली तर तिची धूळ केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनहि बारीक होऊन फुप्फुसांत खोल बसते. तोंडाला बांधलेल्या गमछानें ती अडत नाहीं. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारें औषध नाहीं, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयहि येतो. गुजरातेंत गोध्र्याकडील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतून आदिवासी मजूर पोटासाठीं गेले आणि खोकत परत आले. त्यांतील २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकीं तीन लाख रुपये द्यावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं केला. माणसें गेल्यावर पैसा आला! यंत्राच्या तोंडाशीं पाण्याचा फवारा, धूळ ओढून घेणारी नळी आणि चांगला मुखवटा यांचा खर्च त्याहून किती थोडा होता!

मुकादम म्हणतो, दर वेळीं कुलुपें लावीत बसलों तर माल कसा निघेल? आम्ही विचारतों, हात तुटल्यावर यंत्र किती दिवस बंद राहतें? मालक म्हणतो, मजूरच ऐकत नाहींत. ज्याला कुलूप दिलें नाहीं, मराठींत समजावून सांगितलें नाहीं, आणि दगड लौकर निघाला नाहीं तर मजुरी कापण्याचा धाक घातला, त्यानें काय ऐकावें? १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें फिरत्या भागांना पक्कें कुंपण घालण्याची जबाबदारी कारखानदारावरच टाकली होती, आणि स्त्रियांना व अल्पवयी मुलांना चालतें यंत्र साफ करण्यास मनाई केली होती. खाणींसाठीं १९५२ चा निराळा कायदा झाला. २०२० सालीं संसदेनें हे कायदे एका संहितेंत गोंवले. आणि जो शब्द आम्हीं लिहिला त्याविषयीं सांगावयाचें तर, १९२३ च्या भरपाईच्या कायद्यांत साधा निष्काळजीपणा हें भरपाई नाकारण्याचें कारणच नव्हतें. जाणूनबुजून जाळी काढणें किंवा स्पष्ट सांगितलेला नियम हट्टानें मोडणें, ही गोष्ट वेगळी. हें कारकुनाला ठाऊक असेल. आम्हांला नव्हतें, आणि त्या गड्यालाहि नव्हतें. अज्ञानाचा दंड भरतो तो असा!

बंधूंनो आणि भगिनींनो, कारखाना दूर आहे असें समजूं नका. गोठ्यापुढची कडबाकुट्टी आणि खळ्यावरचें मळणीयंत्र हीं त्याच जातीचीं आहेत. अडकलेली पेंढी काढण्यापूर्वीं स्विच तोडा; मुलाला चाकाजवळ फिरकूं देऊं नका. आणि कारखान्यांत जाणाऱ्यांनो, येत्या खंडेनवमीस मुकादमानें नारळ पुढें केला म्हणजे नम्रपणें एवढेंच विचारा: ‘मुकादमसाहेब, माझें कुलूप कोठें आहे?’ हा प्रश्न एकट्यानें विचारला तर उद्धटपणा ठरेल. पाळीतील सर्वांनीं विचारला तर त्याला उत्तर द्यावें लागेल.

आमच्या शाळामास्तर बंधूंनाहि एक विनंती आहे. गांवांतील मजुरांना आठवड्यांतून एक रात्र शाळेंत बोलवा, कारखान्याच्या पाट्या व नियम त्यांना मराठींत वाचून दाखवा, आणि अर्ज लिहावयाची वेळ आली तर दुसऱ्यानें सांगितलेलें कारण लिहूं नका. त्या मुलाचा बाप आतां डाव्या हातानें सही शिकला आहे. ती सही तो पहिल्या दिवशीं शिकला असता, आणि तो अर्ज आम्हीं नीट लिहिला असता, तर या लेखाची गरज पडली नसती.