सुरा नव्हे, सुरी: शिकारीच्या पात्याविषयीचा एक जुना गैरसमज

आजचा धागा एका छायाचित्रावरून सुचला. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात स्थायिक झालेले माझे एक स्नेही यंदा प्रथमच एल्कच्या शिकारीला निघाले आहेत. रीतसर परवाना, रस्त्यापासून दोन दिवसांची पायपीट आणि पाठीवर मावेल तेवढेच सामान. त्यासाठी विकत घेतलेल्या सुऱ्याचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले आणि विचारले, "इतिहासाच्या दृष्टीने कसा वाटतो?" दहा इंचांचे पाते, वर उचललेले अणकुचीदार टोक, मुठीपुढे पितळेची आडवी पट्टी. इतिहासाच्या दृष्टीने उत्तमच आहे. मात्र तो इतिहास शिकारीचा नाही, मारामारीचा आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय बखरींत आणि जुन्या छायाचित्रांत उरला. तरीही एखादी दंतकथा एका साध्या अवजाराला कशी वाट चुकवते, हे पाहण्यासारखे आहे.

मराठीत 'सुरा' आणि 'सुरी' यांत केवळ लिंगाचा भेद नाही. सुरा म्हटला की डोळ्यांपुढे वार येतो. सुरी म्हटली की काम. अमेरिकन शिकाऱ्याने शंभर वर्षे सुरा बाळगला आणि त्याला गरज होती ती सुरीची, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे घडले कसे? १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील नॅचेझजवळच्या एका वाळूच्या बेटावर दोन गृहस्थांचे द्वंद्व ठरले होते. दोघांनी पिस्तुले झाडली, दोघांचे नेम चुकले, दोघांनी हस्तांदोलन केले. प्रकरण तिथेच मिटायचे; पण सोबत आलेल्या मंडळींतच दंगल उसळली. तीत जेम्स बोवी हा गोळ्या आणि वार झेलून घायाळ झाला असतानाही त्याने मोठ्या सुऱ्याने नॉरिस राइट या प्रतिस्पर्ध्याला ठार केले. वृत्तपत्रांना आणखी काय हवे होते? १८३६ मध्ये बोवी अलामोच्या वेढ्यात मारला गेला आणि दंतकथा पक्की झाली. इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी 'बोवी' सुऱ्यांची जहाजेच्या जहाजे अमेरिकेकडे रवाना केली. धास्तावलेल्या राज्यांनी कायदे केले: अलाबामाने १८३७ मध्ये या सुऱ्यांवर जबर कर बसवला, तर टेनेसीने १८३८ मध्ये त्यांच्या विक्रीलाच बंदी घातली. लक्षात घ्या, सरकारच्या लेखीही हे शस्त्र होते. बाजाराने मात्र त्याला 'शिकारीचा सोबती' म्हणून खपवले, आणि गिऱ्हाइकाने ते मान्य केले.

या समजाला पहिला खणखणीत विरोध केला तो एका चर्मकाराने. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, टोपणनाव 'नेसमक', पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरोचा रहिवासी. जोडे शिवणे हा त्याचा व्यवसाय. अंगकाठी इतकी किरकोळ की पाठीवरचा प्रत्येक तोळा त्याला मोजावा लागे. १८८३ मध्ये तो साडेदहा पौंडांच्या होडीतून अ‍ॅडिरॉन्डॅकच्या सरोवरांत हिंडला. १८८४ च्या 'वुडक्राफ्ट' या पुस्तकात त्याने दुकानांतल्या जाडजूड सुऱ्यांची यथेच्छ टवाळी केली आहे: दिसायला खुनशी, कामाला निरुपयोगी. त्याचा स्वतःचा संच तीन वस्तूंचा होता: दुधारी छोटी कुऱ्हाड, घडीचा चाकू आणि पातळ पात्याची लहान सुरी. आयुष्यभर चामडे कापलेल्या माणसाला पातळ पात्याचे मोल दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

त्यानंतर होरेस केफर्ट. सेंट लुईसच्या एका ग्रंथालयाचा हा प्रमुख १९०४ मध्ये नोकरी आणि शहर सोडून ग्रेट स्मोकी पर्वतात जाऊन राहिला. १९०६ मध्ये त्याचे वनजीवनावरचे पुस्तक आले. त्यानेही बोवी पद्धतीचा सुरा निकालात काढला आणि साडेचार इंचांच्या आसपासचे साधे पाते पुरस्कारले. कुऱ्हाडीचे काम कुऱ्हाडीने करावे, सुरीवर ते लादू नये, असा दोघांच्याही सांगण्याचा मथितार्थ.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सुरीची निवड तिथेच ठरते. नर एल्क तीनशे किलोंच्या घरात जातो. तो पडला की शिकार संपली असे वाटते. वस्तुतः कष्ट तिथून सुरू होतात. कातडे जाड, अंगात ऊब आणि सप्टेंबरातील दुपारचे ऊन कडक. ती ऊब वेळेत बाहेर काढली नाही तर मांडीच्या हाडालगतचे मांस आंबते. एवढा जीव घेऊन त्याचे मांस नासू देणे हा कोलोरॅडोत कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते लाजिरवाणेच ठरले असते. म्हणून तिथल्या तिथे कातडे सोलायचे, फरे सुटे करायचे आणि खेपा घालून पाठीवरून न्यायचे. यात हाड तोडण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही. खुब्याचा सांधा टोकाने चाचपून, स्नायुबंध कापून मोकळा होतो. आपला खाटीकही सांध्यावर बळ खर्च करत नाही, जागा शोधतो. या कामात तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकवून, अनेकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी हात चालवावा लागतो. तिथे दहा इंचांचे पाते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि स्वतःच्याच मनगटात ते घुसले, तर दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर.

टोकाचा मुद्दा याहून नाजूक. बोवीचे वर उचललेले टोक भोसकण्यासाठी आहे. पोट उघडताना ते आतड्यात रुतते आणि आतली घाण मांसावर सांडते. यावर उत्तर म्हणून जो आकार रूढ झाला त्याचे श्रेय बॉब लव्हलेस याला देतात. १९५४ मध्ये, जहाजावर नोकरी करत असताना, त्याला एक नामांकित सुरी विकत घ्यायची होती. नऊ महिने थांबावे लागेल असे दुकानात कळल्यावर त्याने जुन्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःच पाते घडवले. पुढे त्याने लोकप्रिय केलेल्या आकारात पाठीची रेषा टोकाकडे हळुवार उतरत जाते, त्यामुळे टोक खाली, हाताच्या ताब्यात राहते. आज चांगल्या शिकारी सुऱ्यांपैकी बहुतेकींत हा उतार दिसतो.

वाचक म्हणतील, ही सारी गेल्या दीडशे वर्षांची शहाणीव झाली. नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा 'ओट्झी' आठवा. (तोही १९ सप्टेंबरलाच सापडला, योगायोगांचे मला वेड आहे, क्षमस्व.) त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती आणि गारगोटीचे पाते, अ‍ॅश लाकडाची मूठ असलेली, मुठीसह जेमतेम १३ सेंटीमीटरची सुरी, म्यानासकट. पोटात आयबेक्स आणि लाल हरणाचे मांस. जड कामाला कुऱ्हाड, बारीक कामाला लहान सुरी, ही वाटणी नेसमकच्या कितीतरी आधीची आहे.

घडीचा चाकू का नको, असाही प्रश्न येईल. १९६४ च्या सुमारास आलेल्या 'बक ११०' ने पट्ट्यावरच्या घडीच्या चाकूला प्रतिष्ठा दिली, आणि तो चाकू खरोखर चांगला आहे. परंतु बिजागरीत चरबी, रक्त, केस अडकतात. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते साफ होत नाहीत. अलीकडे शस्त्रक्रियेच्या पात्यांसारखी बदलती पाती आली आहेत. ती विलक्षण धारदार आणि हलकी असतात, हे मान्य; पण आडवा दाब आला की मोडतात, आणि मोडलेला तुकडा मांसात शोधत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली तो पुन्हा अखंड पात्याकडे वळला तर मला नवल वाटणार नाही.

पोलादाच्या वादात मी फार शिरणार नाही. अतिकठीण पोलादाची धार टिकते, पण गेली की डोंगरात परत आणणे जिकिरीचे. साधे कार्बन पोलाद गंजते, पण धार लावायच्या छोट्या दगडावर चार हात मारले की पुन्हा कामाला लागते. दोन दिवसांच्या वाटेवर मी दुसरे निवडीन.

स्नेह्यांना मी कळवले: पाते चार इंचांचे, पातळ, टोकाकडे पाठ उतरलेली, पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेले. मूठ ओल्या हातातही न घसरणारी आणि शक्यतो भडक नारिंगी, कारण तपकिरी मुठीची सुरी संध्याकाळी गवतात ठेवली की सापडत नाही. त्यांचे उत्तर आले, "मग या दहा इंचीचे काय करू?" कलिंगडाचा मोसम अजून सरलेला नाही, असे मी त्यांना लिहिले आहे.